भिंतीचं अत्तर

मैदुगुरी, ५ नोव्हेंबर

यकुरा,

सलाम.

त्या कुपीची खरी किंमत आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल. कानोच्या सुदानी व्यापाऱ्यानं तोंडानं दीड लाख नायरा सांगितले होते. मी तीन दिवस त्याच्या ओट्यावर बसून, त्याचाच चहा पिऊन, पंच्याऐंशी हजारांवर आणलं. जाण्यायेण्याचं भाडं नऊ हजार, राहायची खोली सहा हजार, वाटेत चाक फुटलं त्यात माझ्या वाट्याचे दोन हजार. झाले एक लाख दोन हजार. शिवाय तीन दिवस दुकान बंद, आणि त्या चहानं बिघडलेलं पोट. इतकं सगळं एक तोळा अस्सल उदाच्या अत्तरासाठी. आणि त्यातलं अर्धं मी गेल्या ईदला लावानच्या बाटलीत माझ्या हातानं ओतलं. इमामसाहेबांसमोर ओतलं. का, तर तो म्हणाला, "कचल्ला, काय सुगंध आहे रे, मलाही दे थोडं."

तीस वर्षांच्या दोस्ताला. त्या लावानला.

तू फोन उचलत नाहीस. तुझा भाऊ गोनी म्हणाला, "तुमच्या तोंडून निघालेल्या शब्दाचं काय होतं ते तिनं बघितलंय. आता जे काय असेल ते कागदावर लिहा." ठीक आहे. तुझ्या माहेरच्या, न्गुरूच्या गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा आहे, तो पोचवील.

मग काय झालं तेही कागदावर असू दे. सतरा दिवस लागोसला बाटल्यांच्या खरेदीत घालवून मी शुक्रवारी रात्री परतलो. शनिवारी लावानच्या नातवाचं बारसं. तो मला चटईवर सरकून जागा देतो, झग्याची बाही झटकतो, आणि माझ्या नाकात आपली झोपायची खोली शिरते. लवंग, चंदन, कस्तुरी आणि शेवटी ती जळक्या साखरेची बारीक कड. हे मिश्रण तूच परसातल्या कडुलिंबाखाली मडक्यात चाळीस दिवस पुरून ठेवतेस, मग पातळ करून फवाऱ्याच्या बाटलीत भरतेस आणि दिवेलागणीला पडद्यांवर, पलंगावर मारतेस. दहा वर्षं तुझ्या मागे लागलो होतो की हे दुकानात ठेवू या. तू काय म्हणालीस? "बाजारात काय विकायचं ते विका. माझी खोली विकू नका." विकली नाहीस खरी. फुकट दिलीस.

आपल्यात एखाद्या बाईच्या खोलीचा वास परक्या पुरुषाच्या अंगाला येतो, तो का येतो, हे तुला मी सांगायला नको.

मी न जेवता उठलो. घरी येऊन विचारलं. माझा आवाज चढला, दारात थोरले दादा आले, शेजारून इमामसाहेब आले आणि मागून धापा टाकत खुद्द लावान. मी कशावरून ओरडतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि असली गोष्ट सांगायचीही नसते. त्या तिघांना बघून तोंड उघडलंस, तेही एवढंच बोलायला, "आधी स्वतःचा हात हुंगा."

चार माणसांत हा टोमणा. तलाक हा शब्द माझ्या तोंडून तेव्हा गेला. एकदाच गेला, हे गोनीला नीट सांग.

यकुरा, मी पाण्याची हातगाडी ओढली, मग रिकाम्या बाटल्या धुऊन विकल्या, मग भरलेल्या विकल्या. सोमवार बाजारातलं हे दुकान या नाकावर उभं आहे. बायका खोलीचा फवारा नेतात आणि लपून अंगाला मारतात, ते मला दहा हातांवरून कळतं. मी म्हणतो, "हाजिया, भिंतीचं अत्तर भिंतीलाच शोभतं." सगळा बाजार हसतो. मी स्वतः कधी भिंतीचं अत्तर अंगाला लावलेलं नाही. उपाशी होतो तेव्हाही नाही. तेव्हा मला नाकाचं शिकवू नकोस. फक्त एवढं लिही की लावानला ते कुणी दिलं.

कचल्ला


मैदुगुरी, २६ नोव्हेंबर

यकुरा,

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, आणि तेही एका ओळीचं. "मी काय म्हणाले होते ते आठवा."

आठवतंय. म्हणून तर तू न्गुरूला आहेस.

गोनी तारीख कळवतो, जशी काही मला मोजता येत नाही. चोवीस जानेवारीला तुझी इद्दत, तलाकनंतरची तीन महिन्यांची मुदत, संपते. तोवर मी "परत घेतली" म्हटलं की झालं, त्यानंतर निकाह, मेहेर, सगळं नव्यानं. त्याला म्हणावं, मी व्यापारी आहे, मुदत मला कळते. पण माल खोटा निघाला तर मुदतीचं काय करायचं?

लावान दुकानात आला होता. टोप्यांची पेटी डोक्यावरून उतरवून बाकावर बसला, जसा तीस वर्षं बसतो. मी बाटल्या पुसत राहिलो.

"कचल्ला, माझा गुन्हा तरी सांग."

"गिऱ्हाईक आहे," मी म्हणालो.

"कुठंय गिऱ्हाईक?"

खरंच नव्हतं. तो म्हणाला, "हातगाडीला आपण दोघं होतो. तू पुढून ओढायचास, मी मागून ढकलायचो. म्हणून तुला माझं तोंड दिसत नसे, मला तुझी पाठच दिसायची. आजही तेच चाललंय." पेटी उचलून गेला. वाईट वाटलं नाही असं नाही. पण इतका गोड बोलणारा माणूस मागून आणखी काय काय ढकलत होता, असंही मनात आलं.

दुकानात कान उघडे असतात, ते तुला माहीत आहे. परवा दोन बायका आल्या. मी हिशेबात आहे असं समजून एक दुसरीला सांगते, "अगं, महागाचं कशाला घेतेस? हा पडद्याचा घे. दोनदा पडद्याला, एकदा गळ्याला. नवऱ्याला काय कळतंय?"

दुसरी म्हणते, "हळू. हा माणूस नाकाचा मोठा आहे."

"नाकाचा मोठा, म्हणून तर बायको गेली."

मी वर बघितलं नाही. पन्नास नायरा कमी घेतले आणि दोघींना बाटल्या बांधून दिल्या. मग दिवसभर त्या "म्हणून तर"चा अर्थ लावत बसलो. म्हणजे बाजारात कुजबुज आहे. मी कुणाला बोललो नाही. म्हणजे तू बोललीस, नाहीतर लावान. चोवीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं ती, आणि तीस वर्षं ज्याच्याबरोबर खाल्लं तो. माझ्या बाजूला उरलं कोण? फन्ना. ही लेकही आजकाल माझ्याकडे बघून ओढणी तोंडाला लावते. एकोणीस वर्षांची झाली, आईसारखी गप्प राहायला शिकली.

उत्तर दे. एका ओळीत नको.

कचल्ला


मैदुगुरी, १७ डिसेंबर

यकुरा,

उत्तर नाही. बरं.

हर्माटनच्या वाऱ्याची धूळ सुरू झालीय. समोरचं घर दिसत नाही. ओठ फुटलेत. खोलीतले पडदे फन्नानं धुतले, आता त्यांना साबणाचा वास येतो. कोनाड्यातली तुझी फवाऱ्याची बाटली रिकामी आहे. मी हलवून बघितली. परसातलं मडकं उकरायचं का, असं फन्नाला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, आईचं मडकं आईनंच उकरायचं." मी दुकानातला आपला सगळ्यात महाग फवारा आणून मारला. खोली एखाद्या लॉजसारखी वाटायला लागली. आता मी बाहेरच्या चटईवर झोपतो, तीच, जिचा कोपरा उंदरानं खाल्ला असं तू म्हणायचीस.

तुला एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहितो. उद संपत आलंय.

पाच वर्षं झाली त्या कुपीला. दर शुक्रवारी कानामागे, मनगटावर, दाढीला. ईदला अर्धं वाटलं. तरी पुढच्या शुक्रवारी बघावं तर कुपी पुन्हा गळ्यापर्यंत. मी मशिदीत सांगायचो की खऱ्या मालात बरकत असते, खोटा माल उडून जातो. लोक मान डोलवायचे. उन्हाळ्यात ते पाण्यासारखं पातळ व्हायचं, तर म्हणायचो, बघा, अस्सल उदाची खूण, उष्णतेला पाझरतं. आणि आता तू गेल्यापासून आठ शुक्रवारांत कुपी तळाला आली. मी ती उजेडात धरून फन्नाला म्हणालो, "बघ, आईनं विश्वासघात केला त्या दिवसापासून या घरातली बरकत गेली. उदालासुद्धा कळतं."

फन्ना उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. रडत असेल असं वाटलं. दारापाशी जाऊन कान दिला, तर हसण्याचा आवाज. मग खरंच रडण्याचा.

या मुलीला झालंय काय, हे तुला ठाऊक असेल तर लिही. मला कुणी काही सांगत नाही. आपल्याच घरात मी गिऱ्हाईक झालोय.

आणि एक विचारतो. तू दिलंस का त्याला? हो किंवा नाही. "नाही" लिहिलंस तर मी काय करीन ते सांगता येत नाही. पण एकदा लिहून तर बघ.

कचल्ला


मैदुगुरी, ८ जानेवारी

यकुरा,

बसूनच वाच. मीही बसलोय.

काल दुपारी लावान पुन्हा आला. मी तोंड फिरवलं. तो उभ्याउभ्याच म्हणाला, "बोलू नकोस. तुझ्याशी भांडण आहे की नाही तेही मला ठाऊक नाही. पण उद्या धाकट्या सुनेच्या माहेरची माणसं येणारेत, आणि तू ईदला दिलेलं उद संपलंय. दोन थेंब दे. पैसे घे हवं तर."

"माझंही संपलं," मी म्हणालो.

"मग असलं आणखी कुठं मिळेल ते सांग." त्यानं खिशातून ती बाटली काढली. तीच, जिच्यात मी ओतलं होतं, निळ्या बुचाची. बूच काढून माझ्या नाकाशी धरली.

लवंग. चंदन. कस्तुरी. जळकी साखर.

माझा हात वर गेला होता, खोटं कशाला बोलू. मारणारच होतो. "हे कुणी दिलं तुला?"

लावान माझ्याकडे असा बघत राहिला, जसं वेड्याकडे बघतात. "तू. इमामसाहेबांसमोर. तुझ्या कुपीतून. अर्धी बाटली भरलीस, आणि वर म्हणालास, खाली सांडू नकोस, थेंबाला हजार नायरा पडतात."

"यात दुसरं काही घातलंस?"

"टोप्या विकतो मी. यात काय घालणार, दोरा?"

मी खिशातली रिकामी कुपी काढली आणि हुंगली. इतक्या वर्षांत एकदाही मुद्दाम हुंगली नव्हती. जे आपल्याच अंगावर असतं ते कोण हुंगतं? आणि गेले दोन महिने घराला तो वास राहिला नव्हता, म्हणून नाक रिकामं होतं. कुपीत आपली खोली होती.

मग मी माझा हात हुंगला, यकुरा.

दुकान तसंच टाकून घरी आलो. लावानला म्हणालो, बस, गिऱ्हाईक आलं तर सांभाळ. तो बसला, तेही काही न विचारता. फन्ना धूळ झाडत होती. मी कुपी तिच्यापुढे ठेवली. तीच बोलली.

"बाबा, ते पहिल्याच वर्षी सांडलं. तुम्ही आणलंत त्याला दोन महिने झाले होते. आई फळीवरची धूळ पुसत होती, बूच सैल होतं, सगळं चटईवर गेलं. ती दिवसभर रडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शुक्रवारचं स्नान करून उठलात, म्हणून घाईघाईनं तिनं खोलीचा फवारा त्यात भरला. म्हणाली, परत आले की सगळं सांगेन, नाक आहे त्यांना, आत्ताच ओळखतील. तुम्ही मशिदीतून आलात आणि उंबऱ्यातूनच सांगायला लागलात की इमामांनी विचारलं, अल्हाजी, हा सुगंध कुठला. तुमचा चेहरा बघून तिचं तोंडच उघडेना. मग दर गुरुवारी ती भरत राहिली."

"पाच वर्षं?"

"ती म्हणायची, आज ओळखतील. उद्या ओळखतील."

मग ती ट्रंकेपाशी गेली आणि चिंधीतून काहीतरी काढून आणलं. माझ्या नाकाशी धरलं. "ओळखा."

मी मन लावून हुंगलं. "जुनी चटई," मी म्हणालो.

"कोपरा आहे. आईनं कापून ठेवलाय. हेच तुमचं उद."

म्हणजे उंदीरही नव्हता.

आता माझंही ऐक. मी चुकलो, लिहायची सवय नाही, पण चुकलो. तरी पाच वर्षं, यकुरा. तू आणि माझी मुलगी, दोघी पडद्याआडून मला सजवून बाजारात पाठवत होतात, आणि मी त्या गरीब बायकांची थट्टा करत होतो. लावाननं मला फसवलं नाही. फसवलं ते माझ्या घरानं, आणि इतक्या प्रेमानं की त्याचं नाव काय घ्यावं तेही कळेना. आणि त्या दिवशी का नाही सांगितलंस? मी काय लावत होतो ते एका वाक्यात सांगता आलं असतं. तो एक शब्द माझ्या तोंडून गेला नसता.

नवे पडदे घेतलेत. एक बोकड बघून ठेवलाय. मी "परत घेतली" हे तुझा होकार आला की इमामसाहेबांसमोर म्हणतो. गुरुवारच्या गाडीनं ये.

कचल्ला


मैदुगुरी, १६ जानेवारी

यकुरा,

गोनीचं पत्र मिळालं, त्यात तुझंही. या वेळी एक ओळ नाही, हे बरं.

तू लिहितेस, "त्या दिवशी सांगितलं असतं तर थोरल्या दादांसमोर, इमामांसमोर आणि लावानसमोर सांगावं लागलं असतं की अल्हाजी कचल्ला भिंतीचं अत्तर लावून जुम्म्याला येतात. तुमची टोपी पडू नये म्हणून मी हळूच सांगितलं, हात हुंगा. तुम्ही माझीच ओढणी पाडलीत." ते खरं आहे.

पण पुढची अट. बोकड नको, पडदे नकोत. ज्या तिघांसमोर तो शब्द बोललो त्याच तिघांसमोर वाचायला मी माझ्या हातानं एक ओळ लिहून द्यायची. त्यात खरं तेवढंच लिहायचं. ती ओळ लावाननं मोठ्यानं वाचायची, आणि ते झाल्याचं इमामांनी गोनीला फोन करून सांगायचं. मग गुरुवारच्या गाडीवर ट्रंक चढेल. नाहीतर चोवीस तारीख.

मी घासाघीस केली नाही तर मी मी कसला? गोनीला फोन केला. म्हटलं, "'बायकोच्या चुकीनं' असे दोन शब्द आत घालू?" तो आत जाऊन विचारून आला. "नको म्हणते." मी म्हटलं, "'एक-दोनदा' असं म्हणू?" पुन्हा आत गेला. या वेळी आतून तुझं हसणं मी ऐकलं. माझे कान अजून चांगले आहेत. "नको म्हणते. आणि म्हणते, आकडा खरा लिहा, तुम्ही व्यापारी आहात."

"निदान लावानच्या जागी दादांनी वाचलं तर?"

"लावानच," गोनी म्हणाला. "त्याला तुम्ही अडीच महिने चोर समजत होतात."

ते बरोबर आहे. त्याला मी काल सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन बाकावरच आडवा झाला आणि इतका हसला की शेजारचा मसालेवाला पाणी घेऊन धावत आला. उठल्यावर डोळे पुसत म्हणाला, "माझ्या बायकोला सांगू नकोस. मी तिलाही ते लावलंय, थेंबाला हजार सांगून." मग हसू ओसरल्यावर म्हणाला, "माझ्याबद्दल तू तसला विचार केलास, कचल्ला." तो टोप्यांची पेटी माझ्या दुकानातच ठेवून गेला. उद्या न्यायला येईल, असं मी धरून चाललोय.

मडकं उकरलेलं नाही. ते तुझं आहे.

तीन कागद फाडून झाले. उद्या चौथा.

कचल्ला


मैदुगुरी, १९ जानेवारी

मी, अल्हाजी कचल्ला, अत्तरवाला, सोमवार बाजार, पाच वर्षं दर शुक्रवारी पडद्यावर मारायचा फवारा अंगाला लावून मशिदीत जात होतो, आणि मला ते कळलं नाही.